आवडता नट रंगपटात तुटक वागला, आता काय करायचं?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं नाव, गाव आणि नटाचं नाव वगळून मजकूर थोडक्यात असा:

«माझी आई ७४ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं रात्रीचं जेवण उरकलं की ती एका मालिकेसमोर बसते. त्यातला मुख्य नट तिला घरचाच वाटतो. त्याचं नाटक आमच्या उपनगरात लागलं, तेव्हा मी मुद्दाम रात्रीच्या प्रयोगाची तिकिटं काढली. आईने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. पडदा पडल्याबरोबर आम्ही रंगपटात गेलो. गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा मी डबा पुढे केला, तर तो म्हणाला, ‘हो हो, ठेवा तिकडे.’ फोटोला उभा राहिला, पण हसला नाही. आई काही बोलायच्या आत वळून एका माणसाशी हिशेबाचं बोलायला लागला. घरी येईपर्यंत आई गप्प होती आणि त्या दिवसापासून तिने ती मालिका लावलेली नाही. मी त्याच्या नावानिशी फेसबुकसाठी मोठी पोस्ट लिहून ठेवली आहे. नवरा म्हणतो, टाकू नकोस. पुढच्या महिन्यात आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे आणि तेच नाटक पुन्हा लागतंय. धाकटी बहीण म्हणते, परत नेऊ या. पोस्ट टाकू का? आईला परत नेऊ का? आणि पडद्यावर इतका सोज्वळ दिसणारा माणूस खरा असा असेल, तर आम्ही दोन वर्षं माया केली ती नक्की कुणावर?»

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमचा राग आहे, नवऱ्याचं मत आहे, बहिणीची सूचना आहे. आईचं एकही वाक्य नाही. त्या गप्प होत्या आणि मालिका लावत नाहीत, एवढंच तुम्ही पाहिलंत. बाकीचा अर्थ तुम्ही लावलात. तो बरोबरही असेल. पण रात्री अकरा वाजता पायऱ्या चढून, गर्दीत उभं राहून, मग रिक्षा शोधत घरी आलेली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई गप्प असण्याला इतरही कारणं असतात. गुडघे दुखत असतील. लेकीचा चढलेला पारा बघून विषय नको असं वाटलं असेल. करंज्या तशाच पडून राहतील याचं वाईट वाटलं असेल, जे नटापेक्षा करंज्यांबद्दलचं वाईट वाटणं आहे. तेव्हा पहिलं काम हे की एखाद्या दुपारी चहा घेताना त्यांना विचारा, «त्या दिवशी तुला काय वाटलं गं?» विचारताना आपलं मत आधी सांगू नका. «किती माजोरडा निघाला ना?» असं विचारलंत तर त्या तुमचं मन राखायला हो म्हणतील.

आता त्या रात्रीकडे येऊ. साडेआठचा प्रयोग मध्यंतर धरून अकराच्या सुमारास संपतो. नाट्यगृह सत्रावर भाड्याने घेतलेलं असतं, त्यामुळे पडदा पडला की पाचव्या मिनिटाला रंगमंच कामगार सेटचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंती, सोडवायला घेतात. मागच्या दाराला टेम्पो लागलेला असतो. ध्वनीवाला कमरेचा ट्रान्समीटर आणि गालाला चिकटवलेला माइक परत घ्यायला प्रत्येकाच्या मागे फिरतो, कारण त्याला नग मोजून पेटी बंद करायची असते. कपडेपट बघणाऱ्या माणसाला घामाने चिंब झालेला झब्बा ताबडतोब हवा असतो. उद्या प्रयोग असेल तर तो रातोरात वाळला पाहिजे. मिशी किंवा टोप असेल तर तो गमने चिकटवलेला असतो आणि ओढला की कातडी सोलवटते. चेहऱ्यावरचा रंग आधी तेलाने आणि मग साबणाने काढावा लागतो. चष्मा लागणारे बरेच नट रंगमंचावर चष्म्याशिवाय वावरतात, त्यामुळे समोरचा चेहरा त्यांना धड दिसतही नसतो. याच वेळी व्यवस्थापक ‘नाइट’ घेऊन येतो, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, आणि उद्याची बस किती वाजता, कुठून, तेही सांगतो. तुम्ही ऐकलेलं हिशेबाचं बोलणं बहुधा हेच असावं. शिवाय मालिका चालू असेल तर हा माणूस दिवसा घोडबंदर रोडला नाहीतर मढला चित्रीकरणाची बारा तासांची शिफ्ट करून आलेला असू शकतो, आणि सकाळी पुन्हा तिथे हजर व्हायचं असतं.

नेमक्या या दहा मिनिटांत तुम्ही आत गेलात. प्रेक्षकांच्या दृष्टीने ती नाटकानंतरची निवांत वेळ असते. आतल्या माणसांसाठी मात्र प्रयोग अजून संपलेला नसतो.

हे सांगितलं म्हणजे तो सुटला असं मी म्हणत नाही. इतकंच दमलेले, इतकेच घाईत असलेले काही नट म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतात, वाकतात आणि «कुठून आलात? जेवलात का?» विचारतात. त्याला दहा-बारा सेकंद लागतात. ते त्यानेही करायला हवं होतं. पण एक लक्षात घ्या. हा गोडवा पुष्कळदा कमावलेला असतो, जसा आवाज कमावतात तसा. तो चांगलाच आहे, त्याचं मोल आहे. पण तो माणूस आपल्या ड्रायव्हरला पगार वेळेवर देतो का, घरी बायकोशी कसा बोलतो, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. आणि तुटकपणावरूनही कळत नाही. बेसावध क्षणी दिसतो तोच खरा चेहरा असं आपण धरून चालतो. त्या हिशेबाने महिन्याच्या तीस तारखेला बँकेच्या रांगेत वैतागलेल्या तुम्ही म्हणजेच खऱ्या तुम्ही, आणि वर्षभर आईचं औषधपाणी बघणाऱ्या तुम्ही खोट्या.

तरीही हे एवढं लागतं का, तर त्यामागे साधं गणित आहे. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून भागाला साधारण बावीस मिनिटं, म्हणजे आठवड्याचे सव्वादोन तास. दोन वर्षांचे सव्वादोनशे तास होतात. सख्खा भाऊही वर्षात एवढा वेळ समोर बसत नाही. इतका वेळ तो आईंच्या घरात होता, आणि आई त्याच्यासमोर होत्या त्या पाऊण मिनिट. एका बाजूला दोन वर्षांची ओळख, दुसऱ्या बाजूला रांगेतला अनोळखी चेहरा. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ सालीच हे मांडलं होतं: रोज घरात दिसणाऱ्या, आपल्याकडे बघून बोलणाऱ्या चेहऱ्याशी प्रेक्षकाची खरीखुरी जवळीक तयार होते, फक्त ती एकाच बाजूने असते. तेव्हा आमच्या आईलाच वेड लागलं होतं, असं कुणी म्हणू नये.

आणि माया कुणावर केली? लेखकाने लिहिलेल्या, दिग्दर्शकाने उभ्या केलेल्या आणि या माणसाने जीव ओतून वठवलेल्या एका पात्रावर. त्यातलं काम त्याचं होतं. सज्जनपणा लेखकाचा होता. सुनीताबाई देशपांड्यांचं आत्मचरित्र १९९० मध्ये आलं, तेव्हा पुलंवर प्रेम करणारे कितीतरी वाचक अस्वस्थ झाले होते. घरातला माणूस लोकांनी मनात बसवलेल्या माणसासारखा नव्हता. त्यानंतरही लोक पुलं वाचतात, हसतात आणि सुनीताबाईही वाचतात.

आता पोस्टबद्दल. माझं मत सरळ आहे, नाव घालून टाकू नका. त्याने शिवी दिली नाही, ढकललं नाही, पैसे मागितले नाहीत, नको तिथे हात लावला नाही. यातलं काही झालं असतं तर मी उलटं सांगितलं असतं. त्याच दिवशी व्यवस्थापकाला सांगा, निर्मात्याकडे लेखी तक्रार करा, प्रकरण गंभीर असेल तर पोलिसांत जा, असं. इथे घडलं ते हे की एक माणूस हसला नाही. ते लिहिलंत तर पहिल्या शंभर प्रतिक्रियांमध्ये कुणी तरी दारूचा विषय काढेल, कुणी त्याच्या घटस्फोटाचा, कुणी जातीचा. ते सगळं तुमच्या भिंतीवर, तुमच्या आईच्या फोटोखाली असेल. फोटो एकदा गेला की परत येत नाही. आणि आपल्या अनुभवाच्या पुढे जाऊन ‘हा माणूस असाच आहे’ अशी विधानं केलीत तर भारतीय न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ आहे, हेही माहीत असू द्या.

नोव्हेंबर २०२३ मधली नाना पाटेकरांची वाराणसीची चित्रफीत आठवत असेल. चित्रीकरणाच्या जागी सेल्फी घ्यायला आलेल्या एका तरुणाच्या डोक्यावर त्यांनी मारलं. ती फीत देशभर फिरली. नंतर त्यांनी माफी मागताना सांगितलं की तो दृश्यातलाच माणूस आहे आणि तालीम चालली आहे असं वाटून आपण मारलं. खुलासा पटला न पटला तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण तो येईपर्यंत लोकांनी निकाल देऊन टाकला होता. काही सेकंदांच्या तुकड्यावर माणसाचा निकाल लागतो तो असा. तुमची पोस्ट हाही तसाच तुकडा आहे. मन मोकळं करायचं असेल तर नाव वगळा, नाटक आणि नाट्यगृह ओळखू येईल असं काही ठेवू नका, आणि आईचा अनुभव आईच्या परवानगीने लिहा. तशी पोस्ट वाचनीय होईल.

परत न्यावं का? आई हो म्हणाल्या तर जरूर न्या. पण मागच्या वेळी क्रम असा होता: आधी डबा, मग फोटो, आणि बोलायची वेळ आलीच नाही. या वेळी तो उलटा करा.

आधी वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात नीट बघा. एकाच दिवशी ‘दुपारी ४ दीनानाथ, रात्री ८.३० गडकरी’ असं छापलेलं असेल तर दुपारच्या प्रयोगानंतर कुणी भेटणार नाही. पार्ल्याहून ठाण्याला सेट न्यायचा, लावायचा आणि मंडळींनी दोन घास खायचे, हे सगळं मधल्या वेळात असतं. त्या दिवशी एकच प्रयोग असेल असा दिवस निवडा, आणि तो दुपारचा मिळाला तर उत्तम. रात्री सगळ्यांनाच घरी जायचं असतं, तुमच्या आईंनाही. तिकीट काढताना मधल्या वाटेलगतची, पुढून चौथ्या ते सहाव्या रांगेतली खुर्ची घ्या. बाल्कनी नको. तिथून उतरेपर्यंतच आईंचा दम जाईल.

त्याच जाहिरातीत किंवा तिकीट खिडकीवर नाटकाच्या व्यवस्थापकाचा नंबर मिळतो. मराठी नाटकात खरा माणूस तो. नटाला इन्स्टाग्रामवर दहा निरोप पाठवण्यापेक्षा व्यवस्थापकाला आदल्या दिवशी एक फोन करा: «आईला पंचाहत्तर पूर्ण होतायत. प्रयोगानंतर दोन मिनिटं भेट होईल का? तिला पायऱ्या चढवत नाहीत.» पायऱ्यांचं आवर्जून सांगा. बऱ्याच नाट्यगृहांत रंगपटाकडे जायला चार-सहा पायऱ्या असतातच, आणि आधी कळलं तर नट स्वतः खाली पहिल्या रांगेपर्यंत येण्याची शक्यता वाढते. आयत्या वेळी दारात अडवून विचारलं तर व्यवस्थापकही नाहीच म्हणतो, कारण तेव्हा मागे आणखी वीस माणसं असतात. फोन केला म्हणून भेट होईलच असं नाही. पण न केल्यास आपण गर्दीतले एक असतो.

मध्यंतरात आत जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटांत कपडे बदलायचे, चहा घ्यायचा, पहिल्या अंकात कुठे तरी वाक्य खाल्लं असेल त्याबद्दल सहकलाकाराशी बोलायचं, आणि दुसऱ्या अंकाचा सूर मनात धरून ठेवायचा, एवढं तिथे चाललेलं असतं. तेव्हा सेल्फीला उभा राहणारा नट उपकार करत असतो आणि त्याची किंमत दुसऱ्या अंकाचा प्रेक्षक मोजतो. प्रयोगात तुमचा फोन बंद असावा, हे वेगळं सांगायला नको खरं तर. पण नाट्यगृहात वाजणाऱ्या मोबाइलला कंटाळून, हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवीन, असं सुबोध भाव्यांना २०१९ मध्ये जाहीरपणे म्हणावं लागलं होतं. पहिल्या अंकात ज्याचा फोन वाजला तोच पडदा पडल्यावर फोटोसाठी सगळ्यात पुढे असतो, हेही नवल नाही.

पडदा पडला की वीस मिनिटं खुर्चीतच बसा. आईंना स्वच्छतागृहात जाऊन येऊ द्या. माइक, कपडे, रंग हे सगळं उरकल्यावर माणूस हाताशी लागतो. समोर गेल्यावर तुम्ही बोलू नका, आईंना बोलू द्या. मालिकेतल्या नावाने हाक मारू नका. पहिलं वाक्य आजच्या प्रयोगाबद्दल असू द्या, आणि ते नेमकं असू द्या. ‘छान झालं’ हे तो त्या रात्री पन्नास वेळा ऐकतो. «दुसऱ्या अंकात तुम्ही ते पत्र फाडत नाही, घडी घालून खिशात ठेवता, तेव्हा मला गलबलून आलं», असं काही ऐकलं की दमलेला माणूसही थांबतो. अडीच तास जे केलं ते कुणी तरी पाहिलं, हे त्याला तेव्हा हवं असतं. मालिकेचा विषय त्यानंतर.

मग फोटो. फोन आधीच उघडून, कॅमेरा लावून तिसऱ्या माणसाच्या हातात दिलेला असावा. आरशाभोवतीचे दिवे पाठीमागे आले की चेहरे काळे पडतात, म्हणून दिव्यांकडे तोंड करून उभं राहा. तीन वेळा बटण दाबा, झालं. खांद्यावर हात टाकू नका. त्याने टाकला तर ठीक. मावशीला व्हिडिओ कॉल लावून «जरा बोला ना» असं करू नका. ‘टीव्हीत जाड दिसता’ हे कौतुक नव्हे. भाचीला मालिकेत काम हवं आहे हा विषय तर अजिबात नको. सोसायटीच्या गणपतीला बोलवायचं असेल तर तो व्यवहार आहे, आणि तो व्यवस्थापकाशी फोनवर करायचा.

शेवटी डबा. ओल्या नारळाच्या करंज्या फार टिकत नाहीत, आणि हे लोक अनोळखी घरचं खाणं सहसा टाळतात. त्यात माज नसतो. दौऱ्यावर पोट बिघडलं की प्रयोग रद्द होतो आणि वीस माणसांची नाइट बुडते. आलेले डबे बहुतेक वेळा बसमध्ये पडद्यामागची मंडळी संपवतात. मागच्या करंज्याही तिथेच गेल्या असतील, आणि आवडीने खाल्ल्या गेल्या असतील. (तुमचा डबा परत मिळाला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.) या वेळी चिवडा किंवा बेसनाचे लाडू अशा टिकाऊ वस्तू, परत मागावा लागणार नाही अशा डब्यात, वर नाव आणि केल्याची तारीख लिहून ‘सगळ्या मंडळींसाठी’ म्हणून व्यवस्थापकाच्या हाती द्या. नटाच्या हातात द्यायचं ते पाकीट: आईंच्या अक्षरातलं एक पानी पत्र. ते खिशात मावतं आणि घरी गेल्यावर वाचता येतं. आईंना समोर शब्द सुचले नाहीत तरी काम झालेलं असतं.

इतर वाचकांसाठीही थोडं, कारण कलाकारांच्या नाट्यगृहाबाहेरच्या भेटींबद्दल अशीच पत्रं येतात. हॉटेलात घास तोंडात असताना नको. निघताना, बिल देऊन झाल्यावर, एक वाक्य पुरे. सोबत मुलं असतील तर मुलांचा फोटो काढूच नका, लांबूनही नाही. गाडीत किंवा विमानात शेजारची जागा मिळाली तर सुरुवातीला एकदा ओळख द्या आणि पुस्तक उघडा. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील. दवाखान्यात आणि स्मशानात ते कुणीही नसतात. एकाच इमारतीत राहत असाल तर त्यांच्या पाहुण्यांची आणि गाडीच्या नंबरांची चर्चा सोसायटीच्या ग्रुपवर नको, आणि देखभाल खर्च थकला असेल तर इतर सभासदांना जाते तशीच नोटीस त्यांनाही जावी. प्रसिद्ध शेजाऱ्याला यापेक्षा मोठा मान देता येत नाही.

आणि आई «नको, पुन्हा तिथे नको» म्हणाल्या, तर बहिणीला समजवा आणि हट्ट धरू नका. त्याच सुमारास जवळच्या नाट्यगृहात दुसरं काही तरी लागलेलं असेलच. ज्यातला एकही चेहरा मालिकेत दिसत नाही असं नाटक निवडा, दुपारचा प्रयोग बघा, आणि पडदा पडला की रंगपटाकडे न वळता थेट जेवायला जा.